संरक्षित वने आणि सार्वजनिक निधी : तोरणमाळचा दाखला

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याच्या रांगा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. दक्षिणेस तापीचे सुपीक खोरे आणि उत्तरेस नर्मदेचे खोल पात्र, या दोहोंच्या मध्ये अक्राणी तालुक्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर तोरणमाळचे पठार वसलेले आहे. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर आणि शहाद्याकडून वर चढणारा सातपायरी घाट यांमुळे थंड हवेचे ठिकाण म्हणून तोरणमाळ सर्वांस परिचित आहे. परंतु या परिसरातील डोंगरउतारांवर साग, सालई, धावडा, खैर, मोह यांचे जे शुष्क पानझडी वन उभे आहे, त्याचे महत्त्व पर्यटनस्थळाच्या महत्त्वाहून कितीतरी अधिक आहे. या वनापैकी ९३.४२ चौरस किलोमीटर क्षेत्र राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘तोरणमाळ संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित केले.

वनाचे संरक्षण म्हटले की अधिसूचना, सीमा आणि बंदी या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. अधिसूचना निघाली म्हणजे वन सुरक्षित झाले, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः अधिसूचना ही संरक्षणाची केवळ सुरुवात होय. त्यानंतर दरवर्षी, ठरावीक वेळी, ठरावीक कामे करावी लागतात आणि प्रत्येक कामास पैसा लागतो. राष्ट्रीय उद्यान असो, अभयारण्य असो वा संवर्धन राखीव क्षेत्र असो, त्यास सार्वजनिक कोशातून पुरेसा, निश्चित आणि वेळेवर निधी का मिळाला पाहिजे, हे तोरणमाळच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

एका पक्ष्याचा पुनर्शोध

तोरणमाळ व तळोदा परिसरातील वनांकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एका लहानशा घुबडामुळे. वनपिंगळा, ज्यास रानपिंगळा असेही म्हणतात, हा पक्षी केवळ मध्य व पश्चिम भारतातच आढळतो. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात त्याचा पहिला नमुना मिळविला आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात सनदी सेवेत असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याच्या अस्तित्वाचा खात्रीलायक पुरावा मिळेनासा झाला. जगातील संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले आणि हा पक्षी नामशेष झाला असावा, असा अनेक तज्ज्ञांचा ग्रह झाला.

१९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या अमेरिकन पक्षिअभ्यासकांनी जुन्या नमुन्यांवरील नोंदींचा माग काढीत शोध घेतला. शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनंतर हा पक्षी पुन्हा सापडला होता. हा प्रदेश त्या वेळी धुळे जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ व तळोदा येथे तसेच मेळघाटात या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास केला. पुढील काळात यावल, तानसा व गुजरातच्या डांग भागातूनही त्याच्या नोंदी झाल्या. नवी स्थाने आढळल्यामुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले. तरीही जगातील प्रौढ पक्ष्यांची एकूण संख्या एक हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे.

या पक्ष्याची जीवनपद्धती ध्यानात घेतल्यास त्याच्या रक्षणासाठी काय करावे लागते, ते समजते. बहुतेक घुबडे रात्री वावरतात, तर वनपिंगळा दिवसाही शिकार करतो. सरडे, साप-सुरळ्या, उंदीर व कीटक हे त्याचे भक्ष्य. जुन्या वृक्षांच्या ढोल्यांत तो घरटे करतो आणि ऑक्टोबर ते मे हा त्याच्या विणीचा काळ असतो. म्हणजे त्यास ढोल्या असलेले जुने वृक्ष हवेत आणि हिवाळा-उन्हाळ्यात वन आगीपासून मुक्त हवे. जुना, आतून पोकळ झालेला वृक्ष आगीत सापडला तर खोडातच अग्नी शिरतो आणि वृक्ष कोसळतो. तसा वृक्ष पुन्हा तयार होण्यास माणसाच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. नवीन रोपवनाने ही हानी भरून येत नाही.

घोषणा आणि तरतूद

निधीविना केलेली घोषणा किती दुबळी ठरते, याचा दाखला राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासातच आहे. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून गणले जाणारे यलोस्टोन १८७२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायद्याने स्थापन केले. परंतु त्यासाठी पैशाची तरतूद केली नाही. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांना वेतनही नव्हते. १८७८ मध्ये प्रथमच दहा हजार डॉलर मंजूर झाले. दरम्यान शिकारी व लाकूडतोडे यांना मोकळे रान मिळाले. १८८६ मध्ये संसदेने खर्च नाकारल्यामुळे अखेर उद्यानाच्या रक्षणासाठी सैन्य पाठवावे लागले आणि ते तेथे तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. तरीही, १९०२ च्या सुमारास उद्यानात मुक्त वावरणारे रानगवे सुमारे दोन डझन एवढेच उरले होते. पुढे १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र सेवा निर्माण करण्यात आली. प्रारंभीची काटकसर अंती फार महाग पडली, हाच या इतिहासाचा अर्थ.

आपल्या देशातील अनुभव याच सत्याची दुसरी बाजू दाखवितो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपल्या मेळघाटाचा समावेश होता. या प्रकल्पांना केंद्र व राज्य यांच्याकडून दरवर्षी स्वतंत्र तरतूद मिळत आली आहे. २००६ मध्ये देशातील वाघांची अंदाजित संख्या १४११ होती. २०२२ च्या अंदाजात ती ३६८२ एवढी झाली. हे यश केवळ पैशाचे नाही. कायदा, कर्मचाऱ्यांचे कष्ट आणि वनालगतच्या ग्रामस्थांचा सोशिकपणा यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण सातत्याने मिळणाऱ्या निधीवाचून ते शक्य झाले नसते, हेही तितकेच खरे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वनपिंगळ्याच्या ज्ञात संख्येचा मोठा भाग मेळघाटात आढळतो. तेथे वाघासाठी झालेल्या तरतुदीचे छत्र या पक्ष्यासही आपोआप लाभते. तोच पक्षी तोरणमाळ किंवा यावल येथे राहतो तेव्हा व्याघ्र प्रकल्पाचे छत्र त्याच्यावर नसते. पक्षी तोच, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील त्याचे स्थान तेच, पण त्याच्या वनास मिळणारे साहाय्य मात्र कोणता दुसरा प्राणी शेजारी राहतो यावर अवलंबून! संवर्धनाच्या दृष्टीने ही व्यवस्था पुरेशी मानता येणार नाही. वन ज्या योग्यतेचे असेल त्या योग्यतेने त्याची तरतूद व्हावयास हवी.

पैसा लागतो तो कशासाठी?

‘जंगल आपोआप वाढते, त्यास खर्च कसला?’ असा प्रश्न ग्रामसभेत अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर कामांच्या यादीतच मिळते. पहिला खर्च मनुष्यबळाचा. वनरक्षकाने आपले नियतक्षेत्र पायी फिरून पाहावे, अशी अपेक्षा असते. तोरणमाळसारख्या डोंगराळ मुलखात एका दरीतून दुसऱ्या दरीत जाण्यास अर्धा दिवस लागतो. त्यास राहण्यास निवारा, पिण्यास पाणी, संपर्कासाठी बिनतारी यंत्र आणि सोबतीस स्थानिक मजूर हवेत. एक पद रिक्त राहिले की एक संपूर्ण नियतक्षेत्र उघडे पडते.

दुसरा खर्च आगप्रतिबंधाचा. वनात आखून दिलेल्या पट्ट्यांतील गवत व पालापाचोळा काढून अथवा नियंत्रित रीतीने जाळून ‘जाळरेषा’ तयार केल्या जातात. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस जाऊ नये, हा त्यांचा हेतू. त्यानंतर संपूर्ण हंगामभर आगरक्षक मजूर नेमावे लागतात. आता भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या साहाय्याने आगीची सूचना काही तासांतच वन अधिकाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर येते. ही सोय मोलाची आहे. परंतु उपग्रह आग दाखवू शकतो, विझवू शकत नाही. ती विझविण्यासाठी डोंगर चढून जाणारी आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसेच हवीत, आणि ती हंगामापूर्वी नेमलेली असावी लागतात.

तिसरा खर्च मृद् व जलसंधारणाचा. नाल्यांवरील दगडी बांध, वनतळी, पाणवठ्यांतील गाळ काढणे, घाणेरीसारखी झुडपे उपटणे ही कामे एकदा करून संपत नाहीत. या कामांचा लाभ वन्यप्राण्यांपुरताच नसतो. सातपुड्याच्या दक्षिण उतारांवर मुरलेले पाणी गोमाईसारख्या नद्यांवाटे शहाद्याच्या शेतीकडे आणि पुढे तापीकडे जाते. वरचे वन उघडे पडले तर खालच्या शेतातील विहीर लवकर आटते आणि पावसाळ्यात नदी गाळ घेऊन येते. वनसंरक्षणावरील तरतूद ही अशा रीतीने शेतीवरचीही तरतूद असते.

चौथा खर्च नुकसानभरपाईचा. तळोदा, शहादा व अक्कलकुवा भागांत उसाच्या शेतीत बिबट्याचा वावर वाढल्याने माणसे व पशुधन यांवर संकट ओढवते. अशा हल्ल्यात मनुष्यहानी झाल्यास वारसांना द्यावयाचे साहाय्य राज्य शासनाने २०२३ मध्ये २५ लाख रुपयांपर्यंत वाढविले. गेलेल्या माणसाची किंमत कोणत्याही रकमेने होत नाही. पण शेळी, वासरू अथवा बैल मारला गेल्यावर पंचनामा तत्परतेने झाला आणि रक्कम वेळेवर मिळाली, तर वन्यप्राण्यांविषयीचा राग सूडापर्यंत जात नाही. भरपाईस होणारा विलंब हा संवर्धनाचा मोठा शत्रू आहे.

आगीचा हंगाम आणि वित्तीय वर्ष

निधी किती, याइतकाच निधी केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. शासनाचे वित्तीय वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे आगीचा हंगाम दोन वित्तीय वर्षांत विभागला जातो. जाळरेषांची कामे जुन्या वर्षात, तर ऐन उन्हाळ्यातील आगरक्षकांची मजुरी नव्या वर्षात. जुन्या वर्षाची तरतूद मार्चअखेर खर्ची न पडल्यास ती व्यपगत होते. नव्या वर्षाची तरतूद मंजूर होऊन, वितरित होऊन वनपरिक्षेत्रापर्यंत पोहोचण्यास अवधी लागतो. हा अवधी जर एप्रिल-मे महिन्यांत पडला, तर तो नेमका वन सर्वाधिक कोरडे असण्याचा काळ असतो. मोहाची फुले वेचण्याचा काळही हाच. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ करण्याच्या प्रथेमुळे याच दिवसांत आग पसरण्याचा धोका वाढतो. महाशिवरात्रीस तोरणमाळला भरणारी यात्राही हंगामाच्या आरंभीच येते.

या प्रश्नास नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. खरिपाची पिके निघाली आणि दिवाळी सरली की अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. पुष्कळ जण होळीच्या सणास गावी परततात. काठीची राजवाडी होळी आणि त्यामागोमाग गावोगाव पेटणाऱ्या होळ्या हा या भागाचा सर्वांत मोठा सण होय. पण जाळरेषांची कामे १५ फेब्रुवारीपूर्वी, म्हणजे होळीच्या आधी, पूर्ण व्हावी लागतात. जंगल ज्यांना तळहातासारखे ठाऊक आहे, ते हात त्या वेळी परमुलखात ऊस तोडीत असतात.

जाळरेषा, वनतळी व झुडपे काढणे या कामांची तरतूद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उपलब्ध झाली आणि गावात मजुरीची हमी मिळाली, तर त्यांपैकी काही कुटुंबांना तरी स्थलांतर टाळता येईल. मुलांची शाळा सुटणार नाही. वनासही जाणकार रक्षक मिळतील. तोच पैसा मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आला, तर हिशेबात खर्च दिसेल, पण ना कुटुंबाचे स्थलांतर थांबलेले असेल, ना जाळरेषा वेळेत झालेली असेल. संरक्षित क्षेत्रावरील आवर्ती खर्चाचा फार मोठा भाग मजुरीच्या रूपाने स्थानिक लोकांच्याच हाती जातो. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेथे या गोष्टीस विशेष अर्थ आहे.

प्रवेशशुल्कावर भागेल काय?

संरक्षित क्षेत्रांनी पर्यटनातून आपला खर्च आपणच भागवावा, असा एक विचार मांडला जातो. ताडोबासारख्या ठिकाणी पर्यटकांकडून मिळणारे उत्पन्न व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानामार्फत त्याच क्षेत्राच्या व परिसरातील गावांच्या कामी येते, आणि ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. परंतु सर्वत्र तिचे अनुकरण करता येणार नाही. जेथे वाघ सहज दिसतो, तेथे पर्यटक जातो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेले वीतभर घुबड पाहण्यास येणारे अभ्यासक थोडेच असणार. ते फार येऊ लागले तर विणीच्या काळात त्या पक्ष्यास त्यांचाच उपद्रव होईल. अधिक उत्पन्नासाठी अधिक वाहने, अधिक निवासस्थाने, अधिक रस्ते असे चक्र सुरू झाले, तर ज्या वनासाठी हे सर्व करावयाचे तेच मागे पडेल.

शिवाय लाभ कोणास होतो, हाही विचार केला पाहिजे. वन राखल्याने मिळणारे पाणी खोऱ्यातील शेतकऱ्यास मिळते, स्वच्छ हवा सर्वांना मिळते आणि एक दुर्मीळ प्रजाती टिकल्याचा लाभ साऱ्या जगास होतो. गैरसोय मात्र वनालगतच्या गावास सोसावी लागते. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना, तिचा खर्चही सर्वांनी मिळून, म्हणजे सार्वजनिक कोशातून, करणे न्याय्य ठरते. शाळा किंवा दवाखाना यांकडून आपण नफ्याची अपेक्षा करीत नाही. वनाकडूनही ती करू नये. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव यांचे रक्षण करणे हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट झाले, त्यामागील भावना हीच आहे.

निधीचे मार्ग

निधीचे मार्ग एकाहून अधिक आहेत. पहिला मार्ग राज्याच्या अर्थसंकल्पातील नियमित तरतुदीचा. दुसरा मार्ग ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ या केंद्र पुरस्कृत योजनेचा. तीत राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्याबरोबर संवर्धन राखीव क्षेत्रांचाही समावेश होतो आणि खर्चाचा भार केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात उचलावयाचा असतो. या साहाय्यासाठी व्यवस्थापन आराखडा व त्यावर आधारलेला वार्षिक कार्य आराखडा सादर करावा लागतो. मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज पुढील हप्ता येत नाही. म्हणून कार्यालयीन दप्तर वेळेवर पूर्ण करणे, हेदेखील वनसंरक्षणाचेच एक काम आहे.

तिसरा मार्ग प्रतिपूरक वनीकरण निधीचा. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना वसूल झालेल्या रकमा २०१६ च्या अधिनियमानुसार या निधीत जमा होतात आणि त्यांतील ९० टक्के वाटा राज्यास मिळतो. नंदुरबार जिल्ह्याने या बाबतीत फार मोठा भार उचललेला आहे. सरदार सरोवर प्रकल्पात जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली आणि नर्मदाकाठचे विस्तीर्ण वन पाण्याखाली गेले. बाधित कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी तळोदा भागातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन निर्वनीकृत करण्यात आली. विस्थापितांना जमीन मिळणे हा त्यांचा हक्कच होता. त्यांना याचा दोष देता येणार नाही. पण एका राष्ट्रीय प्रकल्पासाठी या जिल्ह्याने दुहेरी किंमत मोजली, हे विसरता कामा नये. उरलेल्या वनाच्या जपणुकीसाठी बाहेरून निधी येणे, हे या जिल्ह्यावरील उपकार नव्हेत. ती एक परतफेड आहे.

चौथा मार्ग थेट गावाच्या हाती आहे. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात येतात. या निधीच्या विनियोगासाठी जी क्षेत्रे ठरवून दिली आहेत, त्यांत वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी व वनउपजीविका यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्थात हा निधी शासकीय तरतुदीस पूरक समजावा, पर्याय समजू नये.

ग्रामपंचायतीचे स्थान

संरक्षित क्षेत्र म्हणजे गावकऱ्यांस बंदी, अशी भीती अनेक ठिकाणी असते. पूर्वीच्या काही अनुभवांमुळे ती निराधार आहे, असेही म्हणता येत नाही. परंतु संवर्धन राखीव क्षेत्राची कल्पना याहून निराळी आहे. वन्यजीव अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ३६-अ नुसार असे क्षेत्र शासकीय मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घोषित केले जाते आणि तेथील रहिवाशांच्या हक्कांना बाधा येत नाही. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार मिळालेले वैयक्तिक व सामूहिक हक्क कायम राहतात. त्याच अधिनियमाने वन व वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा अधिकारही ग्रामसभेस दिला आहे.

कलम ३६-ब नुसार अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. वनविभागाचा प्रतिनिधी तिचा सदस्य-सचिव असतो. क्षेत्र ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येते, त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी तीत असावेत, अशी तरतूद आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांना क्षेत्राच्या जतनाविषयी सल्ला देणे हे समितीचे काम. तेथे बसणाऱ्या पंचायत सदस्याने केवळ उपस्थितीची स्वाक्षरी करून परतू नये. कोणत्या नाल्यावर बांध हवा, कोणत्या बाजूने दरवर्षी आग शिरते, कोणत्या पाड्यातील किती माणसे आगरक्षक म्हणून उपलब्ध आहेत, ही माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाजवळही नसते. ती वार्षिक आराखड्यात उतरली, तर निधी योग्य ठिकाणी पडेल. खर्च झालेल्या रकमेचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखविण्याची प्रथा पडली, तर अधिक निधीची मागणीही बळकट होईल. ज्या पैशाचा हिशेब लोकांस ठाऊक असतो, त्याचे रक्षण लोकच करतात.

शिक्षकांचे साहाय्यही कमी मोलाचे नाही. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील वृक्ष, पक्षी व पाणवठे यांची नोंद ठेवण्यास शिकविता येईल. ज्या पक्ष्याच्या शोधार्थ परदेशचे अभ्यासक आले, तो आपल्या पाड्यामागच्या टेकडीवर राहतो, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. ढोलीचा जुना वृक्ष तोडू नये, मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून गोळा करावा, या गोष्टी मुलांमार्फत घरोघरी लवकर पोहोचतात. त्यांना पैसा लागत नाही, पण त्यांनी वाचणारे वन पैशाने विकत घेता येत नाही.

उपसंहार

सारांश, संरक्षित वनासाठी तीन गोष्टींची निकड आहे. तरतूद पुरेशी असावी; ती प्रसिद्ध प्राणी वा पर्यटकांची गर्दी यांवर अवलंबून नसून वनाच्या गरजेवर आधारलेली असावी; आणि ती आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात पोहोचावी. पहिल्या दोन बाबी राज्य व केंद्र स्तरावर ठरावयाच्या आहेत. तिसरी बाब मात्र बऱ्याच अंशी आराखडे, प्रमाणपत्रे व देयके यांवर वेळेत स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पंचायत सदस्यांच्या हाती आहे.

वनपिंगळा ११३ वर्षे कोणाच्याही दृष्टीस न पडता सातपुड्याच्या कुशीत टिकून राहिला. त्या काळात त्याच्यासाठी कोणी एक पैसाही खर्च केला नव्हता, हे खरे. परंतु त्या काळी वन घनदाट होते आणि जुने वृक्ष विपुल होते. आता वन आक्रसले आहे, गरजा वाढल्या आहेत आणि उन्हाळे अधिक तीव्र होत आहेत. आता आपोआप काहीच टिकणार नाही. तो पक्षी आणि ते वन पुढील पिढीस पाहावयास मिळावे अशी इच्छा असेल, तर येत्या दिवाळीनंतर तोरणमाळच्या उतारांवर जाळरेषांचे काम सुरू झालेले दिसले पाहिजे, आणि त्या कामावर गावातीलच माणसे असली पाहिजेत.